तळ्यातलं घर

शहराचे नकाशे करणाऱ्या आमच्या ऑफिसात वीस वर्षं रंग भरतोय. किस्से साठवायचं काही ठरवलं नव्हतं हो, पण कपाटावर धूळ बसते तसे बसत गेले. हसून सांगावेत असे थोडेच. बाकीचे... असो, ऐका.

*

शहराचं भविष्य शोधायला पुण्याहून एक ट्रेनर आले. म्हणाले, "डोळे मिटा आणि २०५० सालचं संभाजीनगर बघा!" सगळ्यांनी मिटले. गारखेड्याच्या आमच्या पाटील मॅडम म्हणाल्या, "सर, मिटते, पण आज नळाला पाणी यायचा वार आहे. मोबाईल चालू ठेवू द्या!"

*

मग चार भविष्यांचे चार नकाशे करायचे होते. सगळ्यात वाईट भविष्यात काय, तर टँकर, ऊन आणि तुंबलेले रस्ते. साहेब म्हणाले, "याला वेळ घालवू नका. हा आपल्याकडं तयार आहे, सद्यस्थिती म्हणून!" लई हसलो.

*

चांगलं भविष्य माझ्या वाट्याला आलं. उपग्रहाच्या फोटोत फुलंब्री रोडला एक करडा तुकडा मोकळा दिसला. तिथं मी झकास तळं काढलं. टाळ्या पडल्या! नकाशा धरून उभे असलेले आमचे शिपाई रतनमामा वाकून बघत म्हणाले, "हे पत्रे हायेत, साहेब. आमची वस्ती हाय ती."

"मामा, नुसती कल्पना आहे हो!"

पुढं शहराच्या विकास आराखड्याची घाई झाली आणि कॉम्प्युटरवरचा तो तळ्याचा थर तसाच उचलून खऱ्या नकाशात चिकटवला गेला. कुणी चिकटवला? मीच. दुसऱ्यावर कशाला ढकलू? तळ्याचं आरक्षण छापून आलं.

*

पावसात मामांची भिंत पडली. ती परत बांधायची परवानगी मागायला ते आमच्याच खिडकीवर गेले. क्लार्क म्हणाला, "तळ्यात बांधकाम चालत नाय."

"अहो, तळं कुठंय? मी रोज तिथं झोपतो!"

"नकाशात आहे ना!"

त्या दिवशी मला डबा गेला नाही. लाज वाटली, खरं सांगतो.

*

हरकतींची सुनावणी लागली. मामांनी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि समितीपुढं खुर्चीत बसले. "साहेब, २०५० ला तिथं काय बी करा. मला आत्ता भिंत पाहिजे. म्हातारी आई ताडपत्रीखाली झोपती."

साहेबांनी मान हलवली, कागद चाळले आणि सवयीनं बेल दाबली.

मामा उठून बाहेर गेले. पाच कप चहा घेऊन आले, एकेकापुढं ठेवला. मग परत खुर्चीत बसून म्हणाले, "हां साहेब, तर माझ्या घराचं चाललं होतं."