भिंगरीसाहेब आणि उत्तरेचं ऊन

भिंगरीसाहेबांना खुर्चीत बसलेलं मी पाहिलेलंच नाही म्हटलं तरी चालेल. मीटिंग सुरू असायची, क्लायंट बोलत असायचा, आमचा बॉस मान डोलवत असायचा, आणि हे साठी उलटलेले, ताडमाड अमेरिकन गृहस्थ कोपऱ्यातल्या खिडकीची कडी वरखाली करून बघत असायचे. मग दाराची मूठ. मग भिंतीवर टकटक. क्लायंट बिचारा बावरून थांबला की म्हणायचे, "चालू दे, चालू दे, मी ऐकतोय." आणि खरंच ऐकत असायचे हो! कुणी विचारू नये असं बॉसला वाटत असायचं, नेमका तोच प्रश्न शेवटी विचारायचे.

हे नाव माझ्या नवऱ्याने ठेवलं. सुहास शिपयार्डात मरीन इंजिनिअर. साहेब पहिल्यांदा सिंगापुरातल्या बिशानच्या आमच्या फ्लॅटवर जेवायला आले ते बूट काढल्या काढल्या तडक स्वयंपाकघरात शिरले. नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. मग मागच्या खिडकीबाहेर बांबूंवर मी कपडे कसे वाळत घातलेत ते वाकून बघायला लागले. मी लाजेने अर्धमेली. कसंबसं टेबलाशी बसवलं, तर वरणभाताची वाटी हातात घेऊन खिडकीकडे निघाले. आमची मनवा तेव्हा बालवाडीत होती. ती टक लावून बघत होती. "अंकल कॅनॉट सिट, इज इट?" तिने खणखणीत आवाजात विचारलं. सुहास मराठीत पुटपुटला, "पायाला भिंगरी आहे ह्यांच्या." झालं, तेव्हापासून ते आमच्या घरात भिंगरीसाहेब. पुढे मी त्यांना अर्थ सांगितला तेव्हा खूष होऊन म्हणाले, "माझी बायको याहून वाईट शब्द वापरायची."

ही बायको गेली म्हणूनच ते इकडे आले होते. मुलगी सिंगापुरात बँकेत होती, तिने बाबांना थोडे दिवस म्हणून आणलं. तिच्या कॉन्डोतल्या, म्हणजे बड्या सोसायटीतल्या, स्विमिंग पुलाभोवती फेऱ्या मारून आठवड्याभरात त्यांचा जीव विटला. मुलीने ओळखीने त्यांना आमच्या ऑफिसात सल्लागार म्हणून चिकटवून दिलं. नव्वदच्या दशकाची पहिली वर्षं होती ती. जिकडे बघावं तिकडे क्रेन. मी पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर आलेली नवखी आर्किटेक्ट, त्यामुळे या म्हाताऱ्याला सांभाळायचं काम बॉसने माझ्या गळ्यात टाकलं. मी मनातल्या मनात चरफडले होते, खोटं कशाला बोलू?

साहेब आयोवाचे. "विमानं आमच्यावरून जातात, उतरत नाहीत," असं ते आपल्या मुलखाचं वर्णन करायचे. सगळी हयात त्यांनी त्या एका कोपऱ्यात काढली. शाळा, दवाखाने, एक अग्निशमन केंद्र, एक बँक (तिथे आता पिझ्झा मिळतो, आणि बँकेपेक्षा बरा चालतो असं ते सांगत) आणि सगळ्यांत पहिली म्हणजे एका छोट्या गावाची लायब्ररी. सकाळी मोटारीने निघून जेवायच्या आत जिथे पोचता येत नाही तिथे बांधायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मासिकात छापून आलेली एकही इमारत नाही. दुपारी हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, जेवताना ते कागदी नॅपकिनवर पेनने त्या लायब्ररीचा दरवाजा काढून दाखवायचे. आसपासचे शेतकरी चिखलाच्या बुटांनी आत यायला संकोचतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून दारातच, छपराखाली, त्यांनी लांबलचक बाक बांधला होता. बूट काढा आणि मोज्यांवर आत या. गावातली निम्मी लग्नं त्या बाकावर जमली असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं झाली तरी ते त्या बाकाबद्दल बोलताना माझ्या ताटातले नूडल्स गार व्हायचे.

इमारत ताब्यात दिली की आर्किटेक्टचं काम संपतं, असं आम्ही कॉलेजात शिकलो. साहेबांचं तिथून सुरू व्हायचं. मोटारीत तेलाची बुधली, स्क्रू-ड्रायव्हर आणि काचा बसवायच्या लांबीचा डबा ठेवून ते न कळवता आपल्या जुन्या इमारतींत शिरायचे. मुलीच्या सासरी दर महिन्याला जाऊन नळ तपासणारा बापच म्हणा ना. मी विचारलं, "तक्रार असली तर लोक सांगतीलच की." त्यावर म्हणाले, "लोक तक्रार करत नाहीत, शुभदा. लोक खुर्ची हलवतात. आत गेलीस की आधी खुर्च्या कुठे सरकल्यात ते बघ." मला ते तेव्हा म्हातारपणचं चऱ्हाट वाटलं होतं.

आमच्याकडे त्यांना एकच काम मनासारखं मिळालं. बेडोक भागात एका धर्मादाय संस्थेची बालवाडी. एकमजली, आटोपशीर. कॉन्डोच्या गडबडीत ऑफिसातल्या कुणाला त्यात रस नव्हता, म्हणून ती साहेबांकडे आणि माझ्याकडे आली. डिसेंबर-जानेवारीत त्यांनी आराखडा केला. दक्षिणेला खोल छप्पर, उत्तरेला जमिनीपासून वरपर्यंत नुसत्या काचा. "उत्तरेचा उजेड कधी फसवत नाही," हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मनवासुद्धा म्हणायला लागली. पुठ्ठ्याचं मॉडेल करून आम्ही ऑफिसच्या गच्चीवर उन्हात ठेवलं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघितलं. काचांवर ऊन नाही. बॉसने जाता जाता एकदा उत्तरेच्या काचांकडे बोट करून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हटलं, "धिस साइड ऑल्सो पुट सम शेड, लाह." साहेबांनी हात झटकला. तीसेक वर्षांच्या अनुभवापुढे बॉसही जास्त बोलला नाही. पुढच्या चिनी नववर्षाच्या सुमाराला बालवाडी उघडली. फुगे, लाल कंदील, मुलांचा गोंगाट. साहेब त्या दिवशी चक्क अर्धा तास एका जागी उभे होते.

मे महिन्यात ते म्हणाले, "चल, बेडोकला जाऊन येऊ." एमआरटीच्या मेट्रोतसुद्धा ते दारापाशी उभे. आम्ही आत पाऊल टाकलं आणि मला आधी काहीच कळलं नाही. ते मात्र उंबऱ्यातच थबकले. सगळी छोटी टेबलं, सगळ्या चटया, सगळी पोरं दक्षिणेच्या भिंतीला चिकटून दाटीवाटीने बसली होती. उत्तरेच्या काचांवर खाकी कागद चिकटवलेले, आणि कागदांच्या फटींतून उन्हाचे पट्टे थेट हॉलच्या मध्यापर्यंत आलेले. प्रिन्सिपल बाई हसतमुख. "नो प्रॉब्लेम, लाह! व्हेरी ब्राइट, व्हेरी नाइस. वी पुट पेपर ऑलरेडी."

सिंगापूर विषुववृत्ताच्या कुशीत. इथे सूर्य अर्धं वर्ष दक्षिणेकडे असतो आणि अर्धं वर्ष उत्तरेकडे. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात असतं हे! पण ज्या माणसाने जन्मभर सूर्याला एकाच, दक्षिणेच्या बाजूने जाताना पाहिलं, त्याच्या हाडात ती दिशा मुरलेली. गच्चीवर मॉडेल ठेवलं तेही नेमकं जानेवारीत, सूर्य दक्षिणेला असताना. साहेब त्या उन्हाच्या पट्ट्यात फतकल मारून बसले. टक्कल लाल झालं तरी उठेनात. दोन पोरं येऊन त्यांच्या गुडघ्याशी बसली आणि चटका लागून पळाली. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. मला भडभडून आलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बॉसच्या मागे धोशा लावला. उत्तरेला पडवी हवी, लाकडी पट्ट्यांची, ऊन गाळून घेणारी. जूनची सुट्टी लागली की मुलं नसतात, तेवढ्यात काम उरकायचं, नाहीतर वर्षभर भिजत घोंगडं. बॉस कुरकुरला, ताब्यात दिलेली इमारत पुन्हा उकरायची म्हणजे ऑफिसची अब्रू जाते म्हणाला, आणि मग स्वतःच परवानग्यांच्या मागे धावला. मला वाटतं त्यालाही ते खाकी कागद सहन झाले नसावेत.

आणि त्याच आठवड्यात आयोवाहून फोन आला. गावची लायब्ररी पाडायचं घाटत होतं. जूनमध्ये गावकऱ्यांची सभा होती, तिथे ठरणार. लायब्रेरियन बाई रडवेल्या होऊन म्हणत होत्या, तुम्ही या, तुम्ही स्वतः उभे राहून बोललात तर लोक ऐकतील. साहेबांनी फोन ठेवला आणि ऑफिसभर येरझाऱ्या घालायला लागले. जिन्यावरून खाली, पुन्हा वर. दोन दिवस असंच. खिडक्यांच्या कड्यासुद्धा तपासेनात. मी त्यांच्या मुलीकडून विमानांच्या वेळा काढून आणल्या.

"मी जात नाही," ते म्हणाले.

माझा पारा चढला. "अहो, काय बोलताय काय! पहिली इमारत आहे ना ती तुमची? बेडोकची पडवी मी बघते. नाही तर पुढच्या सुट्टीत करू. जा तुम्ही!"

"पट्ट्या कशा तिरक्या लावायच्या ते रोज उन्हात उभं राहून ठरवावं लागेल. माझाच नेम चुकलाय, तर दुरुस्तही मीच करणार. आणि लायब्ररीत काही चूक नाही, शुभदा. तिच्यात तीस वर्षं बसलेली माणसं आहेत, ती बोलतील तिच्या बाजूने. या पोरांच्या बाजूने कोण बोलणार? शाळेने तर कागद लावून मला माफसुद्धा करून टाकलंय."

मी पाय आपटत पॅन्ट्रीत निघून गेले. हट्टी, आडमुठा म्हातारा, असं मी सुहासला रात्री घरी सांगितलं. सुहास म्हणाला, "मी असतो तर गेलो असतो." मग दिवा मालवताना म्हणाला, "पण माझं जहाज त्या माणसाकडे दुरुस्तीला दिलं असतं."

सबंध जून साहेब बेडोकला उन्हात उभे. डोक्याला ओला रुमाल, हातात लाकडाची पट्टी, सुतारांबरोबर खाणाखुणा. एक पट्टी लावायची, मागे सरायचं, सावली बघायची, काढायची, पुन्हा लावायची. सुतार वैतागले, मग त्यांनाही नाद लागला. सभेचा निकाल कळला तेव्हा मी तिथेच होते. त्यांच्या मुलीने प्रिन्सिपल बाईंच्या फोनवर कळवलं. साहेबांनी ऐकलं, "बरं," म्हणाले आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. लायब्ररी पडणार होती. लोक बोलले होते तिच्या बाजूने, पुष्कळ बोलले होते, पण पुरेसे नव्हते. मी रडायलाच लागले. त्यांनी पट्टीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "जरा वर धर," म्हणाले.  मी वर धरलं.

जुलैत शाळा भरली. पहिल्याच आठवड्यात आम्ही गेलो तर खाकी कागद कुणीतरी आपणहून ओरबाडून काढले होते. टेबलं हॉलभर पसरली होती, आणि चार-सहा कार्टी पडवीतल्या पट्टेरी सावलीत पालथी पडून चित्रं रंगवत होती. प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, "चिल्ड्रन डोन्ट वॉन्ट टु कम इनसाइड, लाह." साहेबांनी त्यांचा हात हातात घेऊन इतका हलवला की बाईंचं घड्याळ सैल झालं.

वर्ष संपता संपता ते परत गेले. चांगी विमानतळावर सोडायला मी, सुहास आणि मनवा गेलो होतो. त्यांनी मनवाला उचलून घेतलं, सुहासला मिठी मारली, आणि मला म्हणाले, "खुर्च्या बघत जा." मी बघते. आज माझं स्वतःचं ऑफिस आहे, हाताखाली तरुण मुलं आहेत, आणि ती माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला पक्कं ठाऊक आहे. न सांगता माझ्या जुन्या इमारतींत मी अजूनही शिरते. घाबरतच शिरते.

ते परत गेले त्याच्या पुढच्या वसंतात मी त्यांना फोन केला होता. बेडोकचं सगळं सांगितलं, पडवीत आता रोपांच्या कुंड्या आल्यात तेही सांगितलं. त्यांनी पट्ट्यांना तेल देतात का ते विचारलं. मग मी धीर करून म्हटलं, "लायब्ररीच्या जागी गेला होतात?"

"गेलो होतो."

"काय आहे तिथे आता?"

"पार्किंग."

 इतक्या लांबून माणसाच्या पाठीवर हात तरी कसा ठेवायचा? पण पलीकडून त्यांचाच आवाज आला, नेहमीसारखा घाईघाईचा.

"उतार चुकलाय, शुभदा. बर्फ वितळलं की मधोमध तळं साचतं, लोकांना पाण्यात पाय घालून गाडीपर्यंत जावं लागतं. मी नगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन सांगून आलोय, सोमवारपासून मी येतो आणि नीट करून देतो."