आईवरच्या सोळा ओळी

दुसरा अल्बम करायचं आम्ही ठरवलं, तेव्हा पहिला तरी कुणी मागितला होता हा प्रश्न तिघींपैकी एकीलाही पडला नाही. आम्ही तिघी सोलापुरातल्या रॅप करणाऱ्या मुली. मुली म्हणायचं आपलं, तिशी जवळ आली होती. आमचा स्टुडिओ म्हणजे टॉवेलच्या गोदामावरची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना, छताला, दाराला डागी चादरी ठोकलेल्या. दुपारी दार लावलं की बाहेरचं गाव कुठंतरी लांब राहायचं. फटीतून येणाऱ्या उन्हात कापसाची तुसं तरंगायची. ती बघता बघता मला वाटायचं, आपण पाण्याखाली बसलोय आणि वर जायची कसलीच घाई नाही.

पहिल्या अल्बममध्ये आम्ही नुसत्या भांडलो होतो. कॉलेजशी, रिक्षावाल्यांशी, 'हळू बोल' म्हणणाऱ्या समस्त नातेवाइकांशी. दुसरा घराविषयी करायचा होता. शब्द माझे, आणि त्यात मी कुणाला बोट लावू देत नसे. बीट आणि रेकॉर्डिंग मोहोळहून एसटीनं येणाऱ्या मैत्रिणीकडे. आणि आवाज, खरा आवाज, तिसरीचा. ती तेलुगू विणकरांच्या घरातली. तिच्या आईनं उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागावर घालवली आणि त्या खडखडाटात आईचे कान गेले. पहिला अल्बम आईला ऐकवता आला नाही, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते दिसायचं. म्हणून पाचव्या गाण्यात मी त्या आईवर सोळा ओळी लिहिल्या. लिहिताना रडले, वाचून पुन्हा रडले. अल्बमला त्याच गाण्याचं नाव द्यायचं, हेही परस्पर ठरवून टाकलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी गाणाऱ्या मैत्रिणीनं हेडफोन लावले, डोळे मिटले. ओठ हलू लागले, हात हलू लागले, शेवटी गालावर पाणी आलं. मीही हेडफोन लावून, ओळी मनात म्हणत, गुंगून बघत होते. ती थांबली आणि मोहोळवाली म्हणाली, "अगं, काय आलंच न्हाय की. नुसतं बीट हाय."

वायर बदलली. माईक बदलला. दुसऱ्या वेळी मी हेडफोन न लावता तिच्या अगदी जवळ उभी राहिले, तेव्हा कळलं. ओठ हलत होते, तोंडातून आवाज येत नव्हता.

"म्हटलं की मी! सगळं म्हटलं," ती शपथेवर सांगत होती. मग तिचं तिलाच उमगलं. माग चालू असले की ओरडून काही उपयोग नसतो. त्यामुळे मागांच्या शेडमध्ये सगळे ओठांनी बोलतात, अक्षर न् अक्षर तोंडात घडवून, आवाज न काढता. ती त्या शेडमध्येच लहानाची मोठी झाली. आईशी जे काही मनातलं बोलली, ते असंच बोलली. आता डोळे मिटून आई समोर आणली की तिचा आवाज आपोआप बंद व्हायचा.

अशा वेळी शहाण्या माणसानं तिला जवळ घेतलं असतं. मी चिडले. "मग आईला नको आठवू! ओळी म्हण नुसत्या."

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "आधी हे मी अम्माला म्हणून दाखवणार. ती नको म्हणाली तर हे गाणं अल्बममध्ये जाणार नाही."

पाचवं गाणं गळालं, तर अल्बममध्ये माझ्या लेखी काहीच उरत नव्हतं.

रविवारी दुपारी तिच्या आई आल्या. इस्तरीची सुती साडी, केसांत अबोलीचा गजरा. त्यांना खुर्चीवर बसवलं, मैत्रीण समोर स्टुलावर बसली आणि सुरू झाली, आवाजाशिवाय. ओळी मला पाठ होत्या, त्यामुळे तिच्या ओठांवर मलाही त्या दिसत होत्या. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. उन्हाचा पट्टा आईंच्या पायांवरून हळूहळू सरकत होता, आणि त्या लेकीच्या तोंडाकडे असं बघत होत्या की मला आत कुठंतरी हलकं हलकं वाटू लागलं. इतकी सुंदर दुपार मला त्या खोलीत पुन्हा मिळाली नाही. 'बिचारी माझी माय' या ओळीवर त्यांनी हात वर केला.

"हे कुणी लिवलं?" त्यांचा आवाज गोदामापर्यंत गेला असेल.

मैत्रिणीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"बिचारी कोण गं? मी? चार माग एकटी चालवत हुते मी! एक जरी थांबला तर पायाखालच्या जमिनीवरनं कळायचं मला. मालकाला कळायचं न्हाय. कान गेले ते गेले. तुला तेवढंच दिसलं व्हय?"

मी त्यांच्या घरी कितीदा तरी जेवले होते. कान आता कसे आहेत, हे दर वेळी विचारलं होतं. काम कसं करायचात, हे एकदाही विचारलं नव्हतं. लाजेनं माझे कान तापले. मी वही उघडली आणि सोळाच्या सोळा ओळींवर काट मारली. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण जास्तच दुखलं.

मग त्या सांगत बसल्या, अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत. कुठला माग खट्याळ, कुठला शहाणा, पहिल्या दिवशी किती धागे तोडले. लेक हसत होती. ऐकता ऐकता ती मांडीवर ठेका धरून आईचेच शब्द जुळवू लागली. पण समोर आई होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

आईंनी तिच्या गुडघ्यावर चापट मारली.

"मोठ्यानं म्हण की! मला ऐकू येत न्हाय म्हणून तू कशाला मुकी? बाकीच्यांना येतंय न्हवं?"

मोहोळवालीनं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.