झोपेतला झ

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. लखनौला असताना एका अक्षरापायी मी एका पुजाऱ्याला बेघर करणार होतो. अहो, खरंच!

नव्वदीतली गोष्ट. बँकेने तिकडे बदली केलेली, इंदिरा नगरात भाड्याचं घर आणि कोपऱ्यावर हनुमानाचं देऊळ. तिथले पंडितजी म्हणजे देवमाणूस. बुंदीचे लाडू स्वतः वळायचे, देवळामागच्या खोलीत बायकापोरांसह राहायचे. तेवढ्यात निवडणूक आली आणि एका नेताजींनी टूम काढली, की प्रसादाच्या तुपात चरबी आहे. झालं! विरोधकांनीही भोंगे आणले. लाडू राहिले बाजूला.

मंगळवारी मी हात पसरून प्रसादाच्या रांगेत उभा. तिथेच आलेल्या नेताजींची नजर पडली माझ्यावर. म्हणाले, हे बँकवाले साहेब परमुलखातले, ना इधर के ना उधर के, हेच सांगतील खरं काय ते. पंडितजींची बाजू घ्यायची अशी संधी मी सोडतोय होय? छाती काढून म्हणालो, "सब झूठा है!"

पंडितजींच्या हातातली तीर्थाची पळी कलंडली. नेताजींनी मात्र मला मिठीच मारली आणि उद्याच्या सभेत माइकवर हेच सांगा म्हणाले. मी म्हटलं, आनंदाने. मनात म्हटलं, बघा, पुढाऱ्यांनासुद्धा सत्याची चाड असते.

घरी येऊन बायकोपुढे फुशारकी मारतोय, तर दारात सब्जीवाला भैया तिला कुजबुजत सांगू लागला. कुणा मराठी साहेबाने म्हणे डोळ्यांनी पाहिलं, पंडितजी आधी स्वतः लाडू खातात आणि मग देवाला दाखवतात. देवळाच्या समितीने उद्या सभेनंतर खोलीच्या किल्ल्या मागितल्यात. पंडिताइनने भांडी बांधायला घेतली.

"कोण मेला तो मराठी?" बायकोने मलाच विचारलं.

आमची सोनू तिथेच वाढलेली. वहीतून मान वर करून म्हणाली, "पापा, आपने झूठा बोला या जूठा?"

"तेच ते."

"तेच नहीं है, पापा. झूठा मतलब खोटा. जूठा मतलब उष्टा."

आपण बोलतो तो झोपेतला झ, त्यांचा झेंड्यातला. आपला झ त्यांना सरळ ज ऐकू येतो. अफवेला खोटी म्हणायला गेलो आणि मारुतीचा प्रसाद उष्टा ठरवून आलो की हो! पंडितजींकडे धावलो, तर त्यांनी दार उघडलं नाही. आता माइकशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि माइकवर पुन्हा तोच झ निघाला तर?

सोनूने माझी शिकवणी घेतली. झंडा, झरना, झोला. जेवण गेलं नाही, झोप तर नावालाही नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत एका म्हाताऱ्याने चेकबुक मागितलं, त्यालाही मी झंडा म्हणालो.

सभा भरली. समोरच पंडितजी, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा, नजर जमिनीला. मी पाठ केलं होतं, प्रसाद शुद्ध है, मेरे बोलने में गलती हुई, वगैरे. माइक हातात आला आणि सगळं हिंदी पळालं. उरला फक्त झ.

"मैं झूठा!" मी ओरडलो. "पंडितजी सच्चे, मैं झूठा!"

झ असा खणखणीत लागला की सोनूने टाळी वाजवली. मग सगळी सभा हसली, शेवटी पंडितजीही. नेताजी तेवढे कानाशी येऊन म्हणाले, "इतना खुल के तो हम भी नहीं कहते, भाई साहब."

किल्ल्या पंडितजींकडेच राहिल्या. माझ्यावर राग त्यांनी कधी धरला नाही. फक्त पुढे दर मंगळवारी मी पायरीवर दिसलो, की हातातलं काम टाकून यायचे आणि मी नमस्कार म्हणायच्या आत अख्खा लाडू माझ्या तोंडात कोंबायचे.

"खाइए साहब, आराम से खाइए," म्हणायचे. "बोलिएगा घर जाकर."