सिस्टरांचे बिनचेहऱ्याचे कवी

सिस्टरांच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा भिंतीवरच्या एवढ्या माणसांपैकी एकालाही चेहरा नव्हता. अंगावर घोळदार झगे, पुरुषांच्या डोक्यावर उंच काळ्या टोप्या, बायकांचे केस पार जमिनीपर्यंत, आणि तोंडाच्या जागी नुसता कोरा कागद. "जपानच्या दरबारातले कवी आहेत," सिस्टर म्हणाल्या, "बस ना, काही बोलणार नाहीत ते." आणि चहा टाकायला आत गेल्या.

ही दोन हजार बारामधली गोष्ट. मी पुण्याहून नुकतीच ऑकलंडला नर्स म्हणून आले होते. वॉर्डात मराठी आम्ही दोघीच. बाकी सगळे त्यांना सरळ नावाने हाक मारत, पण माझी जीभ काही वळेना. त्या आधी मिरजेच्या हॉस्पिटलात होत्या, तिथे त्यांना सिस्टर म्हणत, म्हणून मीही सिस्टरच म्हणू लागले.

लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकावरून त्या ही चित्रं उतरवत. जपानात जुन्या काळी छत्तीस थोर कवींची चित्रं काढायची रीत होती. प्रत्येक जण एकटा बसलेला, शेजारी त्याची कविता, मागे काहीच नाही. मला ते सगळे व्हिसाचा फोटो काढायला बसवल्यासारखे दिसत. सिस्टरांना मात्र तेच आवडायचं. "ना घर, ना गाव. नुसता माणूस आणि त्याचे चार शब्द. आपल्यासारखेच की गं."

झग्यांच्या घड्या आणि नक्षी त्या ड्युटीवरून आल्यावर, अर्धवट झोपेतही रंगवत. चेहऱ्याचं तसं नव्हतं. डोळ्यांच्या दोन बारीक रेघा, नाकाचा आकडा, ओठांचा ठिपका, संपला चेहरा. पण एकदा टेकवलेला ब्रश मध्ये उचलायचा नाही आणि चुकलं तर खोडायची सोय नाही. म्हणून त्यांचा नियम होता, दमलेल्या हाताने चेहरा काढायचा नाही. आणि सिस्टर दमलेल्या नाहीत असा दिवस मी पाहिला नाही.

वॉर्डातली कुणी नर्स आजारी पडली की बदली ड्युटीसाठी फोन त्यांनाच. त्या नाही म्हणणार नाहीत हे सगळ्यांना पाठ होतं. एकदा सुट्टीच्या दिवशी त्या शाई घोटून बसल्या आणि फोन वाजला. त्यांनी मुकाट्याने ब्रश धुतला. मी चिडून म्हटलं, उचलता कशाला तुम्ही फोन? तर म्हणाल्या, "अगं, तिथे पेशंट खोळंबलेत. हे काय, हजार वर्षं थांबलेत. रिटायर झाले की सगळ्यांचे चेहरे एकदम."

रिटायर व्हायच्या वर्षी त्यांचा उजवा हात कापू लागला. आधी चहाचा कप बशीवर वाजायचा. मग एके दिवशी त्यांनी इंजेक्शनची सिरिंज गुपचूप माझ्या हातात दिली. गोळ्यांनी कमी होईल पण जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

निरोपसमारंभ झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला माउंट रॉस्किल भागातल्या त्यांच्या घरी बोलावलं. शाई तयार होती. मला मनगट धरायला सांगितलं. मी धरलं, आणि रेघ माझ्या हाताच्या ओढीने गेली. "हा तुझा कवी झाला," त्या म्हणाल्या. "माझा नाही." मग दुसरा कागद घेऊन एकट्याने काढायला लागल्या. डोळ्याची रेघ थरथरत खाली गालावर उतरली.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "यांना चित्रकारांनी तरी कुठे पाहिलं होतं? कवी जाऊन शेकडो वर्षं झालेली. मनानेच काढले चेहरे. मलाही मनात दिसतात गं, एकूण एक. हातात उतरत नाहीत."

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या महिन्यात त्या कायमच्या मिरजेला, भावाकडे गेल्या. कवी गुंडाळून सोबत नेले. त्यांना विमानतळावर सोडून मी गाडीत येऊन बसते न बसते तोच वॉर्डातून फोन आला. सिस्टर रिटायर झाल्यापासून हे फोन मलाच येत होते आणि मीही निमूटपणे हो म्हणत होते. शनिवारी कुणीच नाही, येशील का, म्हणून विचारत होते. मी नाही म्हटलं. पलीकडून काळजीने प्रश्न आला, तब्येत बरी नाही का?

"बरी आहे," मी म्हटलं, "म्हणूनच."