बरोबरची दोन चिन्हं

आज भाचीनं लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "मावशी, हितं बरोबरची दोन चिन्हं का गं?" आणि माझे कान तापले.

कधीकाळचा सोलापुरातला कोडिंगचा, पायथॉन भाषेचा क्लास, एसीची कुबट हवा, मंगळवेढ्याच्या एसटीतून उतरून आलेली मी. मी हेच विचारलं होतं, "सर, एका चिन्हात आन् दोन चिन्हांत फरक काय हाय?"

सर म्हणाले, "आधी 'आहे' म्हणायला शिक."

वर्ग खदाखदा हसला. मी खाली बसले. तेव्हा मला माझ्याच बोलीची लाज वाटली होती.

आज त्या माणसाचा संताप येतो. कोडमध्ये एक चिन्ह एखाद्या नावाला किंमत नेमून देतं, दोन चिन्हं दोन किमती सारख्या आहेत का ते विचारतात. एवढंच सांगायचं होतं. त्याऐवजी त्यानं माझं विचारणंच बंद केलं.