वेलांटीवर सांडलेलं सोनं

आधी येतो तापलेल्या टोनरचा वास. किंचित करपलेला, किंचित गोडूस, जिभेच्या मुळाशी चिकटून राहणारा. जव्हारमधल्या माझ्या छपाईच्या दुकानात लग्नसराईभर तो भिंतींना असतो, आणि तो आला की मला अजूनही त्या एका पत्रिकेचा राग येतो.

पत्रिका साधीच होती. मुलगी साखरशेतची, मुलगा मोखाड्याकडचा. काम घेऊन आला होता मुलाचा मामा. बरीच वर्षं ठाण्यात मजुरी करून परतलेला.

"ताई, नावं एकदम गोल्डन पाहिजेत. घासलेल्या हंड्यासारखी. हातात घेतलं की चमकलं पाहिजे, क्या!"

कागदावर खरं सोनं येत नाही. येतो तो सोन्याचा आभास. संगणकावर अक्षरांना रंगाचा एक थर द्यायचा, वर काळपट, मधोमध लखलखीत, खाली पुन्हा काळपट, की डोळा फसतो आणि अक्षराला धातूचं अंग येतं. मी मुलाचं नाव वर घेतलं, मुलीचं त्याखाली, दोघांनाही तोच थर दिला आणि पहिला नमुना काढला.

मुलाचं नाव झळाळत होतं. मुलीचं नाव नाचणीच्या भाकरीच्या करपल्या कडेसारखं दिसत होतं.

थर पुसून पुन्हा दिला. मग त्याच्या नावावरचा इफेक्ट जसाच्या तसा उचलून तिच्या नावावर ठेवला. रंग तेच, कोन तोच, उजेडाची बाजूही तीच. छापून पाहिलं, पुन्हा करपलेलं. पंख्याखाली बसूनही माझी कानशिलं तापली.

मामा स्टुलावर चहा फुंकत होता. "राहू द्या ना, ताई. नवरीचं नाव जरा फिकं असलं तरी चालतंय. लोक वरचंच वाचतात."

चालतंय! या डोंगरात हा शब्द किती सहज खर्चला जातो. वांगणीकडचा रस्ता उखडला, चालतंय. पोर शाळा सोडून वीटभट्टीवर गेली, चालतंय. जिच्या वाट्याला ते येतं, तिला कुणी विचारत नाही.

"मग तुमचंच नाव फिकं करते," मी म्हणाले.

"माझं आहेच की खाली, बारीक अक्षरांत!" तो खो खो हसला. मला हसू आलं नाही.

मी दोन्ही नावांची अदलाबदल केली. तिच्या जागी त्याचं नाव लिहिलं, ते झळाळलं. त्याच्या जागी तिचं लिहिलं, ते काळवंडलं. म्हणजे जागा निर्दोष होती. फरक अक्षरांतच होता, आणि तो दिसल्यावर माझा संताप आणखी वाढला. त्याच्या नावाला काना नव्हता, मात्रा नव्हती. सगळी अक्षरं एका उंचीची. तिच्या नावाला दोन वेलांट्या होत्या आणि वर एक रफार. यंत्र प्रत्येक नावाभोवती एक अदृश्य चौकट आखत होतं आणि त्या चौकटीच्या मधोमध झळाळीचा पट्टा ओढत होतं. तिची चौकट वर उंच गेलेली. त्यामुळे सगळं सोनं वेलांट्यांच्या वळणांवर आणि शिरोरेघेवर सांडत होतं, अक्षरांच्या अंगाला उरत होता खालचा काळपट रंग.

मी हे मोठ्यानं बोलले, आणि तीच चूक झाली.

"हां, म्हणजे वेलांटीचाच लफडा!" मामानं मांडीवर थाप मारली. "मग नाव बदला ना. ठाण्यात लग्नात नवरीचं नाव बदलतातच. सरळ एखादं टाका, काना नको, मात्रा नको. हाक मारायलापण सोपं."

ऱ्हस्व वेलांटीचा श्वास आखूड, दीर्घ वेलांटीचा लांब, हे कवितेच्या वर्गात शिकताना मी एका वेलांटीसाठी ओळच्या ओळ मोडून पुन्हा बांधलेली आहे. आणि इथं रंगाचा एक पट्टा चुकीच्या जागी पडतो म्हणून एका मुलीनं जन्माचं नाव काढून ठेवायचं, पायातली चप्पल दाराबाहेर काढावी तसं!

"थर चुकलाय, मामा. नाव चुकलेलं नाही."

"ताई, तुम्ही कार्ड छापा. लग्न आम्ही लावतो."

मी दात आवळून तिचा पट्टा तेवढा खाली ओढून पाहिला, तर तिचं सोनं रुंद आणि त्याचं अरुंद. दोन धातू वाटत. शेवटी मी दोन्ही नावं एकाच ओळीत, एकाच थरात लिहिली. आता दोघांना मिळून एक चौकट. त्याबरोबर त्याचंही नाव काळवंडलं आणि, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मग पट्टा हळूहळू खाली सरकवला. दोन्ही नावं एकाच वेळी उजळली.

मामा पडद्यावर वाकला. "शेजारीशेजारी? नवरीची जागा खाली असते."

तेवढ्यात मुलगी आणि तिची आई बाजार आटोपून आल्या. आईच्या पिशवीतल्या सुक्या मासळीच्या वासानं टोनरचा वास बाजूला सारला. टेबलावर पहिला नमुना पडला होता. आईनं तो उचलून उजेडात धरला, खालच्या नावावर अंगठा घासला, अंगठ्याकडे पाहिलं.

"माझे पोरीचे नावाला गंज चढला का काय?"

"मशीनचं नाटक आहे, विहीणबाई," मामा म्हणाला. "नाव बदलतोय ना आपण. मग बघा कसं चमकतंय."

आईचा अंगठा तसाच हवेत राहिला. मी पडद्यावरचा नवा नमुना छापून मुलीच्या हातात दिला. तिनं एका ओळीतली दोन्ही नावं पाहिली, मग आपल्या नावावर बोट टेकवलं आणि वेलांटीच्या वळणावरून ते सावकाश फिरवलं.

"हे म्हणतात, नाव बदलून छापा," मी तिला विचारलं. "बदलू?"

तिनं मामाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाली,

"कशाला?"