उसना मोर

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या गल्लीचं मिळून एकच रुखवत होतं. भांडीकुंडी आणि लाडू-करंज्यांची ताटं ज्याची त्याची असत; पण मण्यांचे हंस, लोकरीचं तोरण, मॅटीवर भरलेला गणपती आणि क्रोशाने विणलेला मोराचा रुमाल ही हातकामाची मंडळी दर लग्नात तीच. समोरच्या काकूंच्या पेटीतून ती निघत, मंगल कार्यालयात टेबलावर जाऊन बसत, नव्या नवरीच्या नावाची चिठ्ठी लावून घेत आणि दुसऱ्या दिवशी पेटीत परत येत. सगळं काकूंच्या हातचं. वरपक्षाच्या बायका रुखवतापुढे थांबून 'मुलगी कलाकार दिसते हो' म्हणत आणि आमच्या बायका मान खाली घालून हसत. यात कोणाला खोटेपणा वाटत नसे. जशी पाहुण्यांसाठी शेजारून खुर्ची आणायची, तसे हंस आणायचे.

मला स्वतःला सुईची भीतीच होती. वडिलांच्या सदऱ्याला बटण लावायला बसले तर पुढची बाजू आणि पाठ एकत्र शिवून ठेवायची. शाळेत शिवणाच्या तासाला बाईंनी माझा रुमाल वर धरून वर्गाला दाखवला होता, तो काय करू नये हे कळावं म्हणून. तरी माझ्या लग्नात मोरावर माझ्याच नावाची चिठ्ठी लागली, 'हिने स्वतः विणलेले' अशी. मी ती वाचली, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मोर होताच तसा. पांढऱ्या दोऱ्याच्या जाळीत भरीव घरांनी उमटवलेला, पिसारा पार कडेपर्यंत गेलेला, आणि मान अशी वळवलेली की कोणीतरी मागून हाक मारली असावी.

पाठवणीच्या गडबडीत मामांनी समोर दिसेल ते ट्रंकेत कोंबलं. हंस, तोरण, गणपती काकूंकडे परत गेले. मोर साड्यांच्या घड्यांत बसून माझ्याबरोबर साक्रीजवळच्या माझ्या सासरी आला.

सासरी ट्रंक उघडली ती सासूबाईंनी, आळीतल्या बायका बोलावून. तशी रीतच होती. साड्या बघून झाल्या आणि मोर निघाला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी उंच धरला.

"दखा वं बायासहोन, मन्हा घरमा कारागीर उनी!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सासरचा दुसरा दिवस, डोक्यावर पदर, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातांचं कौतुक चाललेलं. मी खाली बघत राहिले. बायकांनी तो विनय समजला.

गावात तेव्हा टीव्ही नुकते येत होते आणि आमच्या घरात एक होता. मोर त्याच्यावर चढला. रविवारी सकाळी अर्धी आळी आमच्या ओसरीत येऊन बसे, आणि कार्यक्रम सुरू होण्याआधी सासूबाई नव्या माणसाला आधी मोर दाखवत, मग मला. "मन्ही सूनना हातना शे." मी चहा करायच्या निमित्ताने आत पळायची. कान गरम व्हायचे. हळूहळू आळीतल्या मुली मागे लागल्या, वहिनी आम्हाला शिकवा. मी डोळे दुखतात म्हटलं. मग पाठ दुखते म्हटलं. शेवटी अशी वेळ आली की सासूबाई माझ्या डोळ्यांत घालायला गुलाबपाणी आणायला लागल्या, आणि मी काहीही दुखत नसलेले डोळे मिटून ते घालून घ्यायची. त्या गुलाबपाण्याइतकं मला दुसरं काही झोंबलेलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुराळी म्हणून भाऊ न्यायला आला तेव्हा त्याने आईचा निरोप आणला. काकूंच्या मुलीचं लग्न ठरलंय. काकूंनी तोंडाने काही मागितलं नाही, पण 'बाकी सगळं आहे, मोर तेवढा नाही' असं दोनदा म्हणून गेल्या. मोर घेऊन ये.

आता टीव्हीवरून तो काढायचा कसा? मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, फार मळलाय. जळगावला चांगला धुऊन, खळ घालून, इस्त्री करून आणते." त्यांना ते पटलं, पण मनापासून नाही. घडी घालताना म्हणाल्या, "लवकर लई ये. त्यानाबिगर टीव्ही नागडा दिखस."

जळगावला पोचले आणि हातपाय धुवायच्या आधी मोर काकूंना देऊन आले. काकूंनी तो उलगडला, कडा तपासल्या, आणि 'नीट ठेवलास बेटा' एवढंच म्हणाल्या. मी तिथेच बसून राहिले. मग म्हटलं, "काकू, मला असाच एक विणायला शिकवाल? लग्नाआधी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कशाला, हे विचारलं नाही. त्यांना सगळं कळलं असणार. आमच्या गल्लीतल्या बाईला यात न कळण्यासारखं काही नव्हतं. त्या उठल्या आणि सुई आणि दोऱ्याचा गुंडा घेऊन आल्या.

ती आखाजी मी झोक्यावर बसलेच नाही. माझ्याबरोबरीच्या माहेरवाशिणी निंबाच्या झाडाखाली गाणी म्हणत होत्या आणि मी काकूंच्या पुढच्या खोलीत, दाराला ओलं पोतं लावून, साखळी घालत होते. गुंडा घरंगळू नये म्हणून तो तांब्यात टाकलेला. वैशाखाच्या उन्हात हाताला घाम येई, दोरा काळा पडे, म्हणून काकू मधूनमधून माझ्या तळव्यांवर पावडर टाकत. साखळी, मग खांब, दोन खांबांत रिकामं घर, घर भरलं की भरीव. एवढंच सगळं त्यात होतं. मी थक्क झाले. ज्याच्यापुढे मी वर्षभर तोंड लपवत होते, तो मोर म्हणजे फक्त रिकामी आणि भरलेली घरं होती.

पहिल्यांदा सुई माझं ऐकेना. दोऱ्याचे पदर सुटत, टाका आवळून जाई, काकू हसत आणि उसवायला लावत. मग एका दुपारी असं झालं की हात आपोआप चालायला लागले. मी काकूंशी बोलत होते आणि बोटं आपली त्यांच्या कामाला लागलेली. खाली पाहिलं तर मोराचा पाय पुरा झालेला. मला इतका आनंद झाला की मी तो पाय घेऊन घरी पळाले, आईला दाखवायला. आई म्हणाली, "हा पाय आहे होय?" मला वाईट वाटलं नाही. उसवायचंही सुख असतं हे मला माहीत नव्हतं. दोरा सरसर सुटत येतो, चूक नाहीशी होते आणि दोरा तितकाच उरतो. हे सुख मला आधी मिळालं असतं तर मी कोणाचाच मोर मिरवला नसता, असं वाटून विणता विणता तोंड कडू व्हायचं. आणि तरी सुई खाली ठेववत नसे.

माझा मोर गळ्यापर्यंत आला आणि तिथे बिघडला. घरं मोजायला चुकले, मान वळायच्या ऐवजी सरळ वर गेली आणि मोराची चक्क कोंबडी झाली. पुन्हा उसवला. लग्नाचा दिवस आला तेव्हा त्याला मान नव्हतीच.

आणि लग्नाच्या दिवशी सकाळी सासूबाई दारात. मला परत न्यायला त्यांचे चिरंजीव चार दिवसांनी यायचे होते. पण जळगावला येणारी कोणी सोबत मिळाली म्हणून त्याच आल्या. आईचा चेहरा पांढरा पडला. वडिलांना मोराचं काही ठाऊक नव्हतं, ते मोठ्या अगत्याने म्हणाले, "बरं झालं आलात. समोरच लग्न आहे, चला जेवायलाच." नको कशी म्हणणार?

कार्यालयात मी त्यांना रुखवताच्या बाजूला जाऊ नये म्हणून आधी पंख्याखाली बसवलं, मग पाणी आणून दिलं, मग बायकांत बसवलं. पण रुखवत बघितल्याशिवाय कोणती बाई लग्नातून परत जाते? मी नवरीला साडी नेसवायला आत गेले आणि बाहेर आले, तर सासूबाई टेबलापुढे उभ्या. मोर मध्यभागी होता, खळ घालून कडक केलेला. त्याच्यावर काकूंच्या मुलीच्या नावाची चिठ्ठी होती, पण सासूबाईंना वाचता येत नव्हतं.

"हाऊ ते आमना मोर शे!" त्या मोठ्याने म्हणाल्या. त्यांचा आवाज शेतातला. "मन्ही सूनना हातना! दिधा व्हई तिनी तुमनी पोरना लगीनले." आणि काकूंच्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "दिलदार शे मन्ही सून."

 मोर विणलेला काकूंनी, आणि भर मांडवात त्यांनाच सांगितलं जात होतं की तो कोणीतरी दया येऊन दिलाय. पण त्याहून वाईट म्हणजे नवऱ्या मुलाची आई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिने वाकून चिठ्ठी वाचली.

"इथे तर आमच्या सुनेचं नाव आहे," ती म्हणाली. "मग विणलाय कोणी?"

सगळ्या बायकांचे डोळे माझ्याकडे. मला काकूंचा चेहरा तेवढा दिसत होता, आणि त्या बाईचं श्रेय त्या बाईला मिळावं एवढंच डोक्यात होतं. वर्षभर जे गिळलं होतं ते नेमकं तिथे बाहेर पडलं.

"मी नाही विणला," मी म्हटलं. "काकूंनी विणलाय. सगळं त्यांच्याच हातचं आहे."

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते. काकूंनी डोळे मिटून घेतले. मी त्यांची बाजू घ्यायला गेले होते आणि त्यांच्याच मुलीला तिच्या सासूसमोर उघडं पाडलं होतं, अक्षता पडायच्या आधी. नवऱ्या मुलाच्या आईने हंसांकडे पाहिलं, तोरणाकडे पाहिलं, आणि प्रत्येकावरची चिठ्ठी ती नव्याने वाचायला लागली. तिच्यामागच्या बायका कुजबुजायला लागल्या.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे. वाचता येत नसलं तरी त्यांना तेवढ्यात सगळं वाचता आलं. टीव्हीवरचा मोर, माझे दुखरे डोळे, जळगावची इस्त्री, सगळं. त्यांच्या तोंडावरचा अभिमान जाताना मी पाहिला. मला वाटलं आता त्या मला तिथेच फाडून खातील. त्यांचा तो हक्क होता.

त्या हसल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"नही वं बाई, मन्हा डोयासनी चूक व्हयनी. आमना मोर घर शे, टीव्हीवर. हाऊ दुसरा शे. हाऊ तुमनी सूननीच करेल शे." मग माझ्याकडे बोट करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "नि हिनं बोलनं मनवर घेऊ नका. मन्ही सून शे, पन हिनाघाई दुसरीनं कौतुक दखाय जात नही. तोंडमा ई ते बोली देस."

बायका हसल्या. काही कीव केल्यासारख्या, काही नुसत्याच. जळकी सून प्रत्येकीच्या ओळखीची होती, ती लगेच पटली.

"सांग त्यासले," सासूबाई मला म्हणाल्या. आता आवाज खाली होता. "कोनी करेल शे?"

"हिनंच," मी म्हटलं. "नवरीनं. माझं चुकलं."

नवऱ्या मुलाच्या आईने सुटकेचा श्वास टाकला आणि मोराच्या पिसाऱ्यावरून बोट फिरवलं. मग तिला माझी दया आली असावी. मला जवळ बोलावून अगदी मायेने तिने विचारलं, "तुला काय येतं गं विणकामातलं?"

काकू माझ्या शेजारीच उभ्या होत्या. तळव्यांवर टाकायची पावडर, तांब्यातला गुंडा, मान नसलेला माझा मोर, सगळं गल्लीत त्यांच्या खोलीत पडलं होतं. दुसऱ्या बाजूला सासूबाई, माझ्या उत्तराची वाट बघत.

"काहीच येत नाही," मी म्हटलं.

"मग शीक की. आमच्या सुनेकडूनच शिकून घे," ती म्हणाली. "कलेत लाज कसली?"

मी 'हो' म्हटलं.